मधला तुकडा

केळीचं पान आचेवर धरलं, की मला सौदीतल्या खमीस मुशैतमधली आमची नर्सेसची खोली आठवते. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. सणाला गूळ-नारळाचा भात व्हायचा, तो आम्हा भावंडांना वाढून ती टोपाच्या बुडाची खरवड घ्यायची. "मला खरवडच आवडते गो," म्हणायची, आणि आम्हाला ते खरंच वाटायचं. मी घरातली पहिली पदवीधर. नर्स होऊन सौदीला आले आणि त्याच वर्षी आई गेल्याचा फोन आला. इथून निघायची परवानगी मिळेपर्यंत गावाकडे सगळं उरकलं होतं. मी ड्यूटी चुकवली नाही, रडलेही नाही. संध्याकाळी खोलीतल्या फिलिपिनो मैत्रिणीने त्यांचा बीको केला. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, काळसर साखर; वास थेट आमच्या भाताचा. केळीच्या पानावर थापून तिने मधोमधचा तुकडा कापला आणि बशीत घालून खिडकीत ठेवला. "आमच्यात गेलेल्या माणसाचं आधी वाढतात. हा तुझ्या आईचा." मी म्हटलं, "तिला मधला नको, ती खरवडच खायची." तिने विचारलं, "भावंडं किती तुम्ही?" "पाच." "मग बरोबर. माझी आईपण खरवडच खायची. आज खाऊ दे तिला मधला." तेव्हा मी रडले. आता गावात पक्कं घर आहे, धाकटी बहीणही शिकून शिक्षिका झाली. पण आईला मधला तुकडा मिळाला तो त्या खिडकीत, तिच्या माघारी.