पानिपतहून बंद केलेला बोगदा

मी आठवीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा शाळेनंच हार मानली. अशा माणसाच्या हाती ताईनं सर्व्हर दिला, यात चूक ताईचीच, असं माझं अजून मत आहे.

सर्व्हर म्हणजे काय, तर दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या रॅकशेजारी ठेवलेला जुना कॉम्प्युटर. ताई लोकांची टॅक्सची रिटर्नं भरते, ते सगळं त्यात. तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं आणि ती तिकडे गेली. मोठं गिऱ्हाईक एकच, नोएडाचा छापखानेवाला. तो आधीच म्हणालेला, "मॅडम, नागपूर जाओ या लंदन, काम टाइम पे चाहिए." एक तारीख चुकली की गिऱ्हाईक गेलं.

म्हणून बोगदा. असं एक सॉफ्टवेअर असतं. तिकडे ताईनं लॅपटॉप उघडला की ती इंटरनेटवरून थेट आमच्या कॉम्प्युटरात निघते, मधल्या कुणाला काही दिसत नाही. ते बसवायचं होतं मी. ताई व्हिडिओ कॉलवर एकेक अक्षर सांगायची, मी एका बोटानं टाइप करायचो.

"बोगद्याच्या दोन किल्ल्या, ते लांबलचक कोड, तयार झाल्या ना? एक लपवायची, एक मला पाठवायची."

मी लपवायची पाठवली. तीही घरच्या ग्रुपवर. आत्यानं हात जोडले, मामांनी अभिनंदन केलं. ताई म्हणाली, "नव्या किल्ल्या बनव. आणि ग्रुपवर काही टाकू नकोस, बिल्कुल."

पण बोगदा चालला. मग मी त्याचं एक तोंड माझ्या फोनमध्येही काढून घेतलं. सर्व्हरवर नजर ठेवायला, असं ताईला सांगितलं. खरं म्हणजे लोकांना दाखवायला.

आमच्या मराठी मंडळाची बस काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला गेली, तेव्हा माझ्या शेजारी मंडळातल्या एक रिटायर्ड काकू होत्या. पानिपतला उतरून सगळे स्मारकाकडे गेले. मी काकूंना धरून ठेवलं.

"बघा काकू, मी इथे, आणि इथूनच घरात."

स्क्रीनवर बोगद्याचं अपडेट आलेलं दिसलं. म्हटलं, काकूंना हेही दाखवू. अपडेट लावलं. आता बोगदा बंद करून परत चालू करायचा. बंद कर म्हटलं, झाला बंद. चालू कर म्हटलं, तर ऐकायला तिकडे कोणी नाही.

"काय झालं रे?"

"बोगदा बंद केला, काकू."

"मग उघड."

"उघडायला आत जावं लागतं. आणि आत बोगद्यातूनच जातात."

काकूंनी स्मारकाकडे पाहिलं. "म्हणजे रसद तुटली. जागा बरोबर निवडलीस."

तेवढ्यात ताईचा फोन. "मी बाहेर फेकली गेले. छापखान्याचं रिटर्न अर्धं झालंय, आज शेवटची तारीख. कुठे आहेस?"

"पानिपतला."

"दुसरं गाव नाही मिळालं?"

बस उशिरा परतणार होती, आणि फ्लॅटची किल्ली माझ्याच खिशात. ताई म्हणाली, "वीज जाऊन आली की मशीन आपलं आपण उठतं, बोगदाही चालू होतो. तेवढं मी तुझ्याकडून बसवून घेतलंय. मीटर खाली आहे, गार्ड मेन स्विच पाडेल. पण यूपीएस आहे ना, मशीन बंदच पडणार नाही."

"पडेल."

"कसं पडेल?"

"त्याची बॅटरी मेलीय."

"बदलली म्हणालास."

"म्हणालो."

"बरं झालं नाही बदललीस. लाव गार्डला फोन."

"ताई, मध्येच वीज घालवली आणि फाइल बिघडली तर?"

"असंही हातात काय आहे? लाव."

गार्डनं आधी समोरच्यांची वीज घालवली. फोनमध्ये आंटींचा आवाज आला, "भैया, मेरी वॉशिंग मशीन!" मग आमची. मी गवतावर बसून राहिलो. काकूंनी चिवडा पुढे केला. मी नको म्हटलं, यावरून त्यांना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

मग ताईचा मेसेज आला. "आत आले. फाइल ठीक आहे. तुझ्या फोनचं तोंड बंद करतेय."

मी परतीच्या बसमध्ये असताना तिनं कळवलं, रिटर्न गेलं. छापखानेवाला खूश होता. मॅडम इतक्या लांबून एवढं पक्कं काम, तुमची सिस्टिम कोण सांभाळतं, असं विचारत होता. घरचाच माणूस आहे, म्हणाली. कोण ते सांगितलं नाही. गिऱ्हाईक टिकवायचं होतं.