समोरच्या आजोबांची मोसंबी

बाळांनो, पुण्यात स्पष्टवक्ते पुष्कळ. पण लिंबाच्या झाडालाही तोंडावर ‘तुझं काही खरं नाही’ असं सांगणारे वारज्यात एकच, आमच्या समोरच्या बंगल्यातले आजोबा. फळझाडांच्या रोगांचे सरकारी तज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या कॉलनीवर लक्ष ठेवू लागले. वास्तुशांतीला गेले तरी आधी परसातलं लिंबू तपासत, मग यजमानांना नमस्कार. कोवळं पान उन्हात धरायचं. शिरांत काचेसारखे तुटक ठिपके उजळले, की विषाणूचा संशय. मग फांदीची साल सोलून आतल्या लाकडावरच्या बारीक खाचा दाखवायच्या आणि निकाल द्यायचा, “उपटा.”

“अहो काका, जेवणं तरी होऊ द्या!”

“जेवा की. मावा थांबणार नाही तुमच्यासाठी.” मावा म्हणजे हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारे बारीक किडे.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारलं, “काका, काही औषध नाही?”

“नाही. तुमच्या कॉम्प्युटरसारखं बंद करून चालू केलं की झाड बरं होत नाही.”

आणि मग त्यांच्याच अंगणातली मोसंबी पिवळी पडली. मुलाने अमेरिकेला जाण्यापूर्वी लावलेलं कलम ते. रविवारच्या फोनवर तो वडिलांच्या आधी तिची चौकशी करी. आजोबा मात्र “जस्त कमी पडलंय” म्हणत फवारे मारत राहिले. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

शेवटी मीच म्हटलं, “कागदी लिंबावर डोळा बांधून का बघत नाही?” त्यांचीच पद्धत ती. संशयित झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, कागदी लिंबाच्या निरोगी रोपावर बांधायचा. विषाणू असला, तर रोपाच्या नव्या पानांत दिसतो.

“वहिनी, माझंच शास्त्र मला शिकवा आता,” असं म्हणाले खरे, पण दुसऱ्याच दिवशी डोळा बांधला.

रोपाला पालवी फुटली, तेव्हा मला हाक आली. “तुम्हीच बघा. माझा चष्मा बदलायला झालाय.” चष्मा नवाकोरा होता.

मी पान उन्हात धरलं. शिरा ठिकठिकाणी उजळल्या. “आहे,” मी म्हटलं.

“नीट बघितलंत?”

“तुम्हीच शिकवलंत.”

“बरं शिकवलं,” म्हणाले आणि करवत आणायला आत गेले.

झाड आडवं झालं आणि फोन वाजला. रविवारच होता. मी अंगणातच उभी; खिडकीतून त्यांचा आवाज येत होता.

“हो, आहे ना. बहर यंदा जरा उशिरा धरलाय, एवढंच. तू ये, मग तोडू.”

बाहेर आले ते माझ्याकडे न बघता, कितीतरी वेळ हातांवरचा भुसा झटकत राहिले.