शेठच्या मापाची सॅक

सुरतेत मी ज्या फोटो स्टुडिओत कामाला होतो, त्याच्या शेठला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता. नाद त्याचा, ओझं माझं. लग्नसराईत मी त्याचे दिवे धरायचो आणि थंडीतल्या रविवारी हजीऱ्याच्या खाडीतल्या चिखलातून त्याची लांबलचक लेन्स, कॅमेरे आणि ट्रायपॉड वाहायचो. सगळं एका पत्र्याच्या पेटीत, पेटी माझ्या खांद्यावर. तो गळ्यात दुर्बीण घालून पुढे मोकळा चालायचा. त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. आम्ही मराठी लोक त्याच्या लेखी सगळे ‘भाऊ’.

त्याचंही मला काही नव्हतं. मी डूख धरला तो एका फोटोवरून.

त्या सकाळी शेठ पाण्याची बाटली घेऊन बाभळींच्या आड गेला होता. कॅमेरा ट्रायपॉडवर तयार, मी राखणीला. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला आणि चिखलात उभे असलेले रोहित पक्षी एकदम उठले. मी बटण दाबलं आणि रोल संपेपर्यंत दाबत राहिलो. शेठ कमरेचा पट्टा आवळत धावत आला, तेव्हा आभाळ रिकामं झालं होतं.

तोच फोटो त्याच्या फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात पहिला आला. मी डिंडोलीच्या घरून आईला मुद्दाम बघायला आणलं होतं. ती बराच वेळ त्या उडत्या पक्ष्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “तुनं नाव कोठे शे?”

खाली पाटी होती, गुजरातीत. आईला कुठलंच अक्षर येत नव्हतं. मी म्हटलं, हे काय, इथं. तिनं पदरानं पाटी पुसली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि समाधानानं घरी गेली. पाटीवर शेठचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. तो हिशेब समजावावा तसं शांतपणे म्हणाला, “कॅमेरो मारो, रोल मारो, तो फोटो कोनो?” कॅमेरा माझा, रोल माझा, तर फोटो कोणाचा? घरात माझ्या पगाराशिवाय चूल पेटत नव्हती, म्हणून मूग गिळून बसलो. त्यानं फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी भागात लावला आणि त्याची काच पुसायचं काम मला दिलं. रोज सकाळी अंगाची लाही व्हायची. आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ झाडायलाही मीच.

पुढच्या थंडीआधी पेटी एकदा आपटली. लेन्स थोडक्यात वाचली आणि शेठनं पाठीवरची सॅक घ्यायचं ठरवलं. आम्ही चौटा बाजार पालथा घातला. कॉलेजच्या सॅकचे बंद सुतळीसारखे, त्यात ती लेन्स मावेना. डोंगर चढणाऱ्यांच्या सॅकमध्ये मावली, पण तळातला कॅमेरा काढायला सगळं उपसावं लागायचं, आणि तोवर पक्षी थांबत नाही. परदेशातून मागवायच्या सॅकची किंमत ऐकून शेठनं तो विषयच सोडला.

या हिंडण्यात मला एक गोष्ट पक्की कळली. जड ओझं खांद्यावर नाही, कमरेवर बसायला हवं. त्यासाठी सॅक पाठीच्या लांबीची हवी आणि तिचा पट्टा नेमका कमरेच्या हाडावर यायला हवा. हे मी शेठला प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, डिंडोलीत तुमचा तो पिशव्या शिवणारा आहे ना, त्याच्याकडून करून घे. “माप तारुं आपजे. उंचकवानुं तारे छे ने.” उचलायचं तुलाच आहे, तर माप तुझंच दे. बैलाच्या मानेचं माप घेतात तसं बोलला. माझं डोकं तिथंच चाललं.

शेठ ताडमाड, मी त्याच्या काखेपर्यंत येतो. त्याचा सफारीचा शर्ट इस्त्रीला नेणं हेही माझंच काम होतं. मी तो तसाच पिशवीवाल्याकडे नेला. तो आमच्या खानदेशातला. त्यानं शर्ट पाहिला, मला पाहिलं.

“पाठ तुनी नि माप दुसरानं?”

“ज्यानं वझं, त्यानं माप,” मी म्हटलं.

सॅक मी जीव ओतून करून घेतली. दुहेरी ताडपत्री, आत गादीच्या फोमचे कप्पे, पुढून पूर्ण उघडणारी चेन, कमरेला रुंद पट्टा. वाईट झाली असती तर माझ्यावर आली असती. ती उत्तमच व्हायला हवी होती.

रविवारी अख्खा क्लब हजीऱ्याला आला. शेठनं कौतुकानं सॅक दाखवली आणि माझ्या पाठीवर चढवली. पट्टा माझ्या मांड्यांवर आला, पाऊल उचलेना. सगळे हसले. क्लबचे म्हातारे वकील, जे प्रदर्शनाच्या पाट्या लिहायचे, म्हणाले की ही तर शेठच्याच मापाची दिसते. चौघांनी ती त्याच्या पाठीवर चढवली आणि पट्टा आवळला. अशी बसली, जणू अंगावर बेतून शिवलेली. वाहवा झाली. एवढ्या वाहवेनंतर शेठ ती उतरवतो कसला?

मी मागून हात हलवत चाललो. गुडघाभर चिखलात शेठ पाय उपसत होता आणि त्याच्या सफारीची पाठ भिजत चालली होती. मला फार बरं वाटलं, आजही वाटतं.

मग मासे मारणारा कैकर पंजात मासा घेऊन थेट डोक्यावर आला. ट्रायपॉड मांडायला वेळ नव्हता. शेठनं सॅक उतरवून लेन्स उचलली, पण तिचं टोक थरथरत राहिलं. ते ओझं उतरवल्यावर हात कसे कापतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. वकील म्हणाले, “शेठ, तमारा हाथ ध्रूजे छे.” पक्ष्यानं दुसरी घिरटी घेतली. सगळ्यांच्या देखत शेठनं कॅमेरा माझ्या हातात कोंबला.

“ले, तुं पाड.” घे, तूच काढ.

मी फोटो काढला. वकिलांनी विचारलं, तुझं नाव काय? मी सांगितलं. मग बापाच्या नावासकट, आडनावासकट पुन्हा सांगितलं, शेठला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात पाटी गुजरातीतच होती. मी आईचं बोट धरून ते एकेका अक्षरावरून फिरवलं. शेठ मागेच उभा होता. मी पुन्हा एकदा फिरवलं, पहिल्यापासून.