घरातला दुसरा पदवीधर

शिरूरच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. धाकटी बहीण तेव्हा अकरावी मॅट्रिकला होती. तिचं इंग्रजी मीच घ्यायचो. फर्स्ट, सेकंडच्या आधी 'द' लावायचा, हे तिच्याकडून घोटून घेतलं. तिनं वहीत लिहिलं, 'आय विल बी द सेकंड ग्रॅज्युएट इन अवर हाउस.' मी लाल शाईनं बरोबरची खूण केली.

माझ्या निकालाचे पेढे वाटले आणि महिन्यातच दौंडहून तिला स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता. त्याचे मामा म्हणाले, "भाऊ बी.ए. हाय, म्हंजी घर शिकल्यालं हाय." माझ्या पदवीवरच तिचं लग्न ठरलं.

"दादा, परीक्षेपुरतं तरी थांबव की. आबा तुझं ऐकत्यात."

ऐकलंही असतं. पण शिकला आन् बापाला उलटून बोलाय लागला, असं गाव म्हणेल, म्हणून मी गप्प बसलो.

पुढं काही वर्षांनी शेंडेफळ भाऊ बी.ए. झाला. पेढा हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "द सेकंड."

'द' ती विसरली नव्हती. तिच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही.