सोमीआजीचा पाला

सोमीआजीच्या एका गालात सदैव सीताफळाचा पाला असे. दाभोसाजवळच्या तिच्या पाड्यावर कुणाच्या गुराच्या जखमेत किडे झाले, की आजी तो पाला चावून मऊ करी आणि जखमेत दाबून भरी. मी तिथे नवा गुरांचा डॉक्टर. पहिल्याच भेटीत शहाणपण शिकवायला गेलो, "आजी, दगडानं ठेचावा गं!" तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"दगडाना ठेचला का सगळा रस दगूडच पितो. मंग बैलाला काय देशील?"

पण माझ्या सुईला बिचकणारा बैल तिनं नुसता कानाला धरला की गप उभा राही. तिच्या जिवावर मी निम्मं लसीकरण उरकलं.

तरी लम्पीची साथ आलीच. गुरांच्या अंगावर गाठी उठल्या. मी पाड्यावर सभा घेऊन कॉलेजातलं सगळं ओतलं. चावरी माशी आधी लाळ सोडते, लाळेतली एन्झाइम रक्त गोठू देत नाहीत, त्याच वाटेनं रोग आत शिरतो. समोर सगळे चेहरे कोरे. मग मी सोपं केलं, "थुंकीतून रोग पसरतो." हे मात्र लगेच पटलं. मी खूश होऊन जव्हारला परतलो.

तीन आठवड्यांनी गेलो, तर आजी पदरानं तोंड बांधून ओट्यावर बसलेली. तिला कुणी गोठ्याकडे फिरकू देत नव्हतं. थुंकी म्हटल्यावर पाड्याला एकच थुंकी आठवली होती. मी माणसं गोळा केली, "माशीची थुंकी, माशीची!" म्हणून ओरडलो.

"मंग तसा सांगाचा होता," पाड्याचा कारभारी शांतपणे म्हणाला. माझी मलाच शरम वाटली.

आजीची कबरी गाय घरामागे आडवी पडली होती. गाठ फुटून जखमेत किडे वळवळत होते. मी जखम धुतली, औषध भरलं, पण फार उशीर झाला होता. दुपारी कबरीनं मान टाकली.

"आजी, ही तर तुझी गाय. हिला तरी पाला लावायचास!"

तिनं तोंडावरचा पदर काढला नाही.

"लावला ना. तूच सांगलास, थुंकीना रोग होतो. म्हणून दगडाना ठेचला." तिनं कबरीच्या कानावरून हात फिरवला. "सगळा रस दगूड प्याला, डाक्तर."