भिवापूरच्या एटीएमवरची पाटी

नाव: नत्थूजी पराते. वय: सत्तावन्न. मूळ गाव: उमरेड. पद: रोकड भरणा सहायक, मार्ग क्रमांक सात. कर्तव्ये: रिकामी पेटी काढणे, भरलेली पेटी बसवणे, सील तपासणे, सही करणे. स्वतंत्र निर्णय: अपेक्षित नाही.

कंपनीच्या कागदावर नत्थूजी एवढेच होते. पूर्वी कागद कमी होते आणि नत्थूजी जरा जास्त होते. सीताबर्डीच्या ऑफिसातले साहेब तेव्हा सरळ विचारत, "नत्थूजी, भिवापूरले किती न्यायचे?" नत्थूजी खिडकीबाहेर पाहून आकडा सांगत आणि तो बरोबर निघे. मौद्याला पगाराच्या तारखेला किती लागतात, मिरचीच्या हंगामात भिवापूरला देठं खुडणाऱ्या बायांसाठी शंभराच्या किती नोटा हव्यात, हे त्यांना पाठ होतं. वडील मागावर बसत. लुगड्याला किती सूत लागेल ते हातानं चाचपून सांगत. पोरानं तोच धंदा नोटांवर चालवला, असं गाडीवरचे बंदूकवाले मारोतराव म्हणायचे. त्या बंदुकीला प्रवासभर डब्याची पिशवी अडकवलेली असे. भिवापूरच्या एटीएममध्ये शिरलं की मिरचीचा ठसका लागायचा, आणि तो जिरवायला शेजारच्या रुख्माबाईचा चहा. मारोतराव निवृत्त झाले. आता पेटी बसवून झाल्यावर गाडी चार मिनिटांहून जास्त थांबली की पुण्याच्या ऑफिसात लाल दिवा लागतो.

कुठं किती भरायचं ते दोन वर्षांपासून संगणक ठरवतो. त्यानं डिझेल वाचवलं, फेऱ्या कमी केल्या. नत्थूजींनाही ते कबूल होतं. फेब्रुवारीत मात्र त्यानं भिवापूरचं एटीएम मार्चअखेर बंद करायची शिफारस केली.

"काहून?" नत्थूजींनी मिनलला विचारलं. सीताबर्डीच्या ऑफिसात हे आकडे ती बघायची.

"काका, बाजाराच्या दिवशी उठाव शून्य. ऐन हंगामात."

"मॅडम, आदल्या दिवशीच खाली होऊन जाते ना ते. तुमचा संगणक भरतेच कमी."

"तेही तपासलं मी. मशीन रिकामं असलं तरी लोक कार्ड टाकून बघतात. तेवढे नकार नोंदले जातात. इथं नकारही शून्य. कोणी फिरकतच नाही, असाच अर्थ होतो."

नत्थूजी हळूच म्हणाले, "तिथं पाटी असते."

आठ वर्षांपूर्वी त्यांनीच एका पुठ्ठ्यावर 'पैसे नाही' असं ठळक लिहून रुख्माबाईकडे ठेवायला दिलं होतं. लोकांनी उन्हात रांग लावून हात हलवत परतू नये, एवढाच हेतू. एटीएम रिकामं झालं की रुख्माबाई इमानानं पाटी अडकवी. लोक ती रस्त्यावरूनच वाचत आणि बावीस किलोमीटरवरचं दुसरं एटीएम गाठत.

"पाटी डेटात येत नाही ना काका," मिनल म्हणाली. "अहवालात काय लिहू मी?"

पुढच्या फेरीला पेटी बसवून नत्थूजी टपरीवर गेले. "रुख्माबाई, या बाजाराले पाटी लावू नको वं."

"लोकायले काहून तकलीफ द्याची गा? कार्ड घालतीन, शिव्या देतीन."

"देऊ दे."

"मलेच देतीन. तू तर गाडीत बसून चालला जाशीन."

"माह्या नावानं दे म्हन. हे मशीन गेलं तं मंग बाजारात आलेल्या बायायनं कुठं जाव?"

रुख्माबाईनं चहा ओतला. नत्थूजींनी घड्याळ पाहिलं; साडेतीन मिनिटं झाली होती. चहा तसाच राहिला.

एटीएम नेहमीसारखं आदल्या दिवशीच रिकामं झालं. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे चौदा जणांनी कार्ड घालून पाहिलं. रुख्माबाईनं सगळ्या शिव्या ऐकल्या आणि बऱ्याच नत्थूजींच्या नावे वळत्या केल्या. पुढच्याही बाजाराला तेच. संगणकानं भरणा तिप्पट केला आणि शंभराच्या नोटा आपणहून वाढवल्या. बंद करायची शिफारस रद्द झाली. 'प्रणालीने ग्रामीण भागातील सुप्त मागणी स्वयंस्फूर्तीने ओळखली', असं वार्षिक अहवालात छापून आलं.

रुख्माबाई त्या पुठ्ठ्यानं आता शेगडीला वारा घालते.