कपाट हललं तो दिवस

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला लागली, त्याच दिवशी तिचं नाव गेलं. दारातून वाकून आत शिरलेली ती धिप्पाड, आडव्या खांद्यांची मुलगी बघून बॉयलरवाल्याने आरोळी ठोकली, “ए, हे कपाट कुठे ठेवायचं?” अख्खी पाळी हसली. तीही हसली, आणि तिथेच सगळं ठरून गेलं. हजेरीपुस्तक सोडलं तर तिचं खरं नाव पुढे कुठेच उरलं नाही. फोन उचलला की ती स्वतःच म्हणायची, “हां, कपाट बोलतेय.”

कारखान्याचा बायकांचा बास्केटबॉलचा संघ होता. जुन्या मालकांची हौस, दुसरं काय! संघातल्या बायकांना दुपारी दोन वाजता यंत्रावरून सुटी मिळायची, मग मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये सराव. संघाच्या सरांनी तिला गोंदाच्या यंत्रापाशी हेरलं.

“पळता येतं?”

“नाही, सर.”

“नेम?”

“कचऱ्याच्या डब्यात पण जात नाही.”

“उभं राहता येतं?”

“ते काय, दिवसभर तेच करते.”

“मग ये दोन वाजता.”

संघाचा सगळा डौल एका मुलीवर होता. छपाई विभागातली ती मुलगी अंगाने काडी, पण पायात जसं काही यंत्र बसवलेलं. तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीच्या हातून बॉल सुटला की प्रेक्षक तो रिंगमध्ये जायच्या आधीच उठून उभे राहायचे. पण तिच्या मागे नेहमी समोरच्या संघाची एक चिकट खेळाडू लावलेली असायची. त्या खेळाडूच्या वाटेत जाऊन पाय रोवायचे, हात छातीशी घ्यायचे आणि हलायचं नाही, हे कपाटचं काम. हललं तर फाऊल. भिंगरी तिच्या खांद्याला चाटून निसटायची, मागची येऊन कपाटवर धाडकन आदळायची, आणि त्या अर्ध्या क्षणात बॉल रिंगमध्ये. खेळात याला स्क्रीन म्हणतात. संघात सगळ्या जणी ‘कपाट लावणं’ म्हणत.

यातलं एक बाहेरच्या कोणालाच माहीत नव्हतं. भिंगरीची पाठ कपाटकडे असायची. आपण जागेवर आलोय हे कळावं म्हणून ती फक्त एक शब्द बोलायची, तोही हळू.

“आहे.”

एवढं ऐकलं की भिंगरी वळायची. आठ वर्षांत एकदाही तिने मागे बघून खात्री केली नव्हती.

त्या आठ वर्षांत कपाटची एक बरगडी पिचली, दोन बोटं वाकडी झाली आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. सामना संपला की गुणफलकावर भिंगरीचे एकोणतीस. हिचे दोन. तेही भिंगरीचा हुकलेला बॉल हिच्या डोक्याला लागून आत गेला म्हणून. घरी गेलं की आई विचारायचीच.

“किती टाकलेस?”

“आई, मी टाकत नाही गं. मी उभी राहते.”

“उभी काय, मीपण राहते ओट्यापाशी. माझा फोटो येतो का पेपरात?”

“तुझा तरी कुठे येतो? माझा पण येत नाही.”

खरं तर एकदा आला होता. फोटोत भिंगरी हवेत होती, आणि कडेला, कापता कापता राहून गेलेला एक दंड. गरम गोंद उडून पडलेला कोपराजवळचा डाग त्यावर स्पष्ट दिसत होता. आईने तो फोटो कापून कपाटाच्या आरशात खोचला होता. खऱ्या कपाटाच्या. शेजारीण आली की ती भिंगरीवर बोट ठेवायचीच नाही. “हा दंड आमच्या मुलीचा,” म्हणायची.

एका मोसमात तिला ताप आला आणि दोन सामने चुकले. भिंगरीने एकात एकतीस टाकले, दुसऱ्यात चौतीस. दोन्ही सामने गेले. ‘इतरांची साथ कमी पडली,’ असं पेपरात छापून आलं. सर पेपर घेऊन थेट तिच्या घरी आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, “यात काय लिहायचं राहिलं, सांगू? तुझा ताप.” त्या एका वाक्यावर तिने पुढचे कित्येक महिने काढले.

मग धाकटे मालक आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं म्हणे, “बॉल खेळल्याने खोकी जास्त निघतात का?”  हा मोसम शेवटचा, असं ठरलं. मग दोनची सुटी बंद, आणि हॉलमध्ये पुठ्ठ्याचे गठ्ठे. कपाट तेव्हा पस्तीस वर्षांची. गोंदाच्या वासाने तिची सकाळ सुरू व्हायची, ती आता संध्याकाळपर्यंत त्याच वासात जाणार होती. पाठ मोडेपर्यंत रोज.

नेमकं तेव्हाच दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या क्लबचं भिंगरीला बोलावणं आलं. स्वतःचा हॉल, राहायला खोली, दिवसभर फक्त खेळ. कपडे बदलायच्या खोलीत बुटांची नाडी बांधता बांधता भिंगरी म्हणाली, “मी सांगितलंय त्यांना. घ्यायचं तर जोडी घ्या.”

“डोकं फिरलंय का? तुझं बघ.”

“माझंच बघतेय. तू नसलीस तर मी गरगर फिरेन आणि जाऊन भिंतीवर आपटेन.”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, बघू. रविवारी माणूस पाठवतायत. खेळून दाखवायचं.”

रविवारी आईसुद्धा आली. आठ वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्यांवर हात ठेवत, पायरी पायरी मोजत ती पहिल्या रांगेत येऊन बसली.

“मी बघू कुणाकडे? सगळ्या पळतात नुसत्या.”

“सगळे बॉलकडे बघतात. तू बॉलकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.”

“तू टाकशील ना एखादा?”

“बघू.”

क्लबचा माणूस सभ्य होता. हातात वही, पेनाला टोपण. भिंगरीशी तो पंधरा मिनिटं बोलला. मग कपाटकडे वळला. “तुमचे सामने पाहिले मी व्हिडिओवर. म्हणजे, यांचे. कॅमेरा बॉलमागे जातो ना, त्यामुळे तुम्ही... फारशा दिसत नाही. तुमची खासियत काय?”

“मी उभी राहते.”

तो हसला. वाईट हसला नाही. पण वहीत काही लिहिलं नाही.

मग एकेकटीने बॉल टाकायचा होता. कपाटने दहा टाकले, दोन गेले. एकटीला उभं राहून दाखवायला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काय दाखवणार? आदळायला कोणी नाही, निसटायला कोणी नाही. रिकाम्या खोलीत कपाट ठेवल्यासारखं.

शेवटी पाच विरुद्ध पाच, समोर दुसऱ्या एका संघाच्या मुली. भिंगरी त्या दिवशी अशी खेळली की विचारू नका. कपाट लावलं की भिंगरी सुटली, लावलं की सुटली. आणि प्रत्येक वेळी वहीवरचं पेन हललं. कपाट ते पेन बघत होती. एरवी तिची नजर समोरच्या खेळाडूच्या कमरेवर असायची. त्या दिवशी ती पेनावर होती. बरगडीत दोनदा कोपर बसलं, तेव्हा पेन तिच्याकडे वळलंसुद्धा नाही.

एक गोष्ट तिला आठ वर्षं ठाऊक होती. भिंगरी निसटली की सगळ्या तिच्याच मागे धावतात, आणि रिंगखालची जागा मोकळी पडते. पाच-सहा पावलं टाकायची, हात वर करायचा, बॉल मागायचा. तिथून तर तिचाही नेम चुकला नसता. फक्त त्यासाठी थोडं आधी निघायला हवं होतं. मागची आदळायच्या आधी.

पहिल्या रांगेत आई पुढे झुकून बसली होती. बॉलकडे ढुंकूनही न बघता.

फार तर दोन मिनिटं उरली होती. ती जागेवर गेली, पाय रोवले.

“आहे,” म्हणाली.

आणि निघाली.

भिंगरी नेहमीसारखी वळली, उडाली. तिच्या मागची लांबट मुलगी दिवसभर कपाटवर आदळून वैतागली होती. तिला एकदम वाट मोकळी दिसली, तशी ती जीव खाऊन झेपावली. भिंगरी खाली आली ती तिच्या पायावर. ओली फांदी पिळल्यासारखा आवाज झाला. फार मोठा नव्हता. पण हॉलमध्ये प्रत्येकाला ऐकू गेला.

“मी मुद्दाम नाही हो केलं! सर, आईशप्पथ!” ती लांबट मुलगी रडत होती.

“डोळे आहेत का गोट्या?” सर तिच्यावर ओरडत होते. त्यांना एवढं ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. “माणूस हवेत असताना खाली पाय घालतेस?”

कपाट रिंगखाली उभी होती. सर, मी तिथे होते, मी सरकले, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.  बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपला हात अजून वरच आहे.

भिंगरीला उचलून नेलं. क्लबच्या माणसाने पेनाला टोपण लावलं आणि जाता जाता कपाटपाशी थांबला. सभ्यच होता तो. “तुम्ही शेवटी छान सुटलात हं,” म्हणाला. “पास आला असता तर बास्केट नक्की होती.”

घरी आल्यावर आईने चपला काढल्या आणि पाणी पिऊन ती खुर्चीत बसली.

“गरीब बिचारी पोर. पायच गेला गं.”

“हं.”

“तू सांगितलंस तशी मी तुझ्याकडेच बघत होते. बॉल कुठे गेला, मला ठाऊकसुद्धा नाही.” आई कौतुकाने सांगत होती. “तू उभी राहतेस म्हणजे काय, ते आज कळलं मला. ती लांब मुलगी दर वेळी तुझ्यावर येऊन थडकायची. तू होतीस तोवर तिची काय टाप होती पुढे जायची! शेवटी तू हललीस, तेव्हाच सुटली ती.”

कपाटने दिवा लावायचं निमित्त करून पाठ फिरवली.

“हात पण वर केला होतास,” आई म्हणाली. “मी बघितलं. कोणी दिला नाही बॉल.”

डॉक्टरांनी सांगितलं, चालेल. खेळण्याचं विचारू नका. क्लबचं पत्र आलं, दोन ओळींचं. त्यात कपाटचा उल्लेखच नव्हता, असायचं कारणही नव्हतं. उरलेले तीन सामने संघ खेळला. भिंगरीच्या जागी एक बरी मुलगी आली. कपाट जागेवर जायची, पाय रोवायची, “आहे” म्हणायला जायची आणि तिची जीभ टाळूला चिकटायची. ती नवी मुलगी ओरडायची, “अहो ताई, आलात की नाही, सांगा ना!” तिन्ही सामने गेले. त्या लांबट मुलीने खेळ सोडल्याचं कानावर आलं. ‘हिनेच भिंगरीचा पाय मोडला,’ असं लोक तिच्या तोंडावर म्हणत म्हणे. सर एकदा चहा पिता पिता म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही गं. तू तर तिथे नव्हतीसच.” सांत्वन म्हणून म्हणाले.  पुढच्या महिन्यात हॉल गठ्ठ्यांनी भरला.

भिंगरी तिसऱ्या मजल्यावर राहायची. कपाट पहिल्यांदा गेली तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. भिंगरी कुबडी घेऊन दार उघडायला आली. जाडी झाली होती.

“आलीस? मला वाटलं, तुला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. तुझी पण संधी घालवली ना मी.”

“तू?”

“नाहीतर कोण? मीच उशिरा वळले. रात्रंदिवस तेच डोक्यात. तू ‘आहे’ म्हणालीस, आणि मी कुठेतरी पाव क्षण हरवले. नाहीतर ती येईलच कशी मध्ये?”

“तू उशिरा वळली नाहीस.”

“वळले गं.”

“मी थांबले नाही.” कपाटने एका दमात सांगून टाकलं. “तुला ‘आहे’ म्हणाले आणि निघाले. बॉल हवा होता मला.”

भिंगरीने कुबडी भिंतीला टेकवली. 

“मागायचास ना,” ती म्हणाली. “आठ वर्षांत एकदा तरी. दिला नसता का मी?”

 दोघींनी चहा घेतला. भिंगरीची वेळ झाली होती. रोज एक मजला उतरायचा आणि चढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची वहिनी कामावर गेलेली.

“येतेस का मागे?” भिंगरी म्हणाली. “तोल जातो कधीकधी.”

दोघी जिन्यात आल्या. भिंगरीने कुबडी काखेत दाबली आणि कठडा धरला. कपाट तिच्या एक पायरी मागे उभी राहिली, पाय रोवले, हात तिच्या पाठीपाशी तयार ठेवले. जिना अरुंद होता, आणि ती त्याच्या या भिंतीपासून त्या कठड्यापर्यंत पुरून उरली होती.

“आहे,” ती म्हणाली.

भिंगरीने पाऊल उचललं. मग ते तसंच अधांतरी ठेवून तिने मान वळवली आणि मागे बघितलं.